वर्गातील ओळख, गच्चीवरचा 'इंट्रो' आणि दुकानातील वही

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.
मी शहापूर तालुक्यातील आहे. यंदा सीईटीनंतर नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आणि आता मी घणसोलीला आणखी तीन मुलांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. पहिल्या आठवड्यात जे जे प्राध्यापक आले, त्यांनी सर्वांना एकेक करून उभे केले आणि नाव, गाव, आवडी सांगायला लावल्या. माझ्या आधीच्या मुलांनी कोडिंग, गिटार, फुटबॉल, स्टार्टअप असे सांगितले. माझी पाळी आल्यावर मी 'रीडिंग बुक्स अँड लिसनिंग म्युझिक' एवढे पुटपुटून खाली बसलो. खरे तर क्रमिक पुस्तकांपलीकडे मी फारसे वाचलेले नाही. आमचे मोटर रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून ती पुन्हा चालती करण्याचे, दुकान आहे. आठवीपासून मी तिथे वडिलांच्या हाताखाली काम करतो आणि कोणती मोटर कशामुळे जळाली, किती टर्न (तारेचे वेढे), कोणती गेज (तारेची जाडी) याची वहीही मीच लिहितो. सुट्टीत माहुली गडावर येणाऱ्या ट्रेकर मंडळींना वाट दाखवायला जातो. पण हे काय छंद म्हणून सांगायचे? त्यात दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजीत चार वाक्ये सलग जमत नाहीत. पुढच्या आठवड्यात महाविद्यालयाच्या गाडी बनवणाऱ्या संघाची निवड आहे आणि अर्जात 'स्वतःविषयी व आवडींविषयी लिहा' असा मोठा रकाना आहे. शिवाय आमच्याच इमारतीत राहणारे सीनियर रात्री गच्चीवर बोलावून 'इंट्रो' घेतात. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा जायची इच्छा नाही. काय करावे?
आपला,
एक विद्यार्थी, घणसोली

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या प्रश्नांना आठवडाभराची सवड आहे आणि याला नाही. गच्चीवर नेमके काय घडले ते तू लिहिलेले नाहीस, परंतु तिसऱ्यांदा जायची इच्छा नाही एवढे तुझे म्हणणे मला पुरेसे आहे. ज्येष्ठ विद्यार्थ्यांशी ओळख व्हायलाच हवी. जुन्या प्रश्नपत्रिका, जर्नल कसे लिहायचे, कोणत्या व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) काय विचारतात, केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर पुढे काय करायचे, ही सगळी शिदोरी त्यांच्याकडूनच मिळते. आणि ती मिळवण्यासाठी कॅन्टीन आहे, ग्रंथालयाबाहेरची पायरी आहे, ठाणे–वाशी लोकलचा डबा आहे. जी ओळख भर दुपारी महाविद्यालयाच्या व्हरांड्यात, प्राध्यापक येत-जात असताना करून घेता आली असती, ती रात्री गच्चीवर, मान खाली घालायला लावून आणि ठरावीक साच्यात नाव उच्चारायला लावून घेतली जात असेल, तर तिला कायद्याच्या भाषेत रॅगिंग म्हणतात, मग घेणारे तिला 'इंट्रो' म्हणोत की 'थट्टा' म्हणोत.

हा प्रकार महाविद्यालयाच्या आवारात घडत नसल्याने आपल्याला कोणाचे संरक्षण नाही, अशी अनेक मुलांची समजूत असते आणि ती चुकीची आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा संस्थेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे लागू होतो. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संबंधित विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकले जाते आणि पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. लेखी तक्रार आल्यानंतर संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची असते. ती करायची की नाही हे त्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती असावी लागते. प्रवेशाच्या वेळी तू आणि तुझ्या वडिलांनी ज्या हमीपत्रावर सही केली, तसेच हमीपत्र त्या गच्चीवरच्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनीही दिलेले आहे, हे लक्षात असू दे.

तेव्हा तिसऱ्यांदा बोलावणे आले तर 'सर, उद्या कॉलेजमध्ये भेटतो' एवढे एक वाक्य बोलून खोलीतच थांब, आणि शक्यतो तुम्ही चौघांनीही एकत्रच थांबा. नुसता गट असला तरी पुष्कळ फरक पडतो. त्याच रात्री दोन्ही वेळच्या तारखा, वेळ, हजर असलेल्यांची नावे आणि काय करायला लावले ते कागदावर लिहून ठेव. हे लिहिताना विशेषणे वापरू नकोस, घडले तेवढेच लिही. दुसऱ्या दिवशी तुझ्या मेंटॉर (मार्गदर्शक) प्राध्यापकांना भेटून तो कागद दे आणि त्याची पोच घे. तेवढ्याने भागले नाही किंवा त्यांना सांगायचा धीर झाला नाही, तर १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. घरी सांगायचे की नाही, असा प्रश्न तू विचारलेला नाहीस, तरी माझे उत्तर असे की सांगावे, आणि तेही तक्रार करण्याच्या आधी. दुकानात बसलेल्या वडिलांना महाविद्यालयातून अचानक फोन जाण्यापेक्षा मुलाकडून कळणे केव्हाही बरे.

आता वर्गातील ओळखीकडे वळू. पहिल्या आठवड्यात प्रत्येक तासाला तेच ते विचारले जाण्यामागे प्राध्यापकांची हौस नसते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम आखून दिलेला आहे आणि त्यात सुमारे वीस विद्यार्थ्यांच्या गटामागे एक मार्गदर्शक शिक्षक असावा, अशी कल्पना आहे. मुलांची एकमेकांशी आणि शिक्षकांशी ओळख व्हावी हाच त्याचा हेतू. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांचे तीन दिवस होतात, ती गोष्ट वेगळी. परंतु ऐकणाऱ्याच्या जागी बसून पाहा. साठ-सत्तर मुले एकामागून एक उभी राहतात, त्यांपैकी निम्मी वाचन आणि संगीत सांगतात, उरलेल्या निम्म्यांपैकी बरीच कोडिंग सांगतात. तास संपल्यावर शिक्षकाच्या लक्षात राहतात ते तीन-चार जण, ज्यांच्या बोलण्यात पुढे विचारण्यासारखे काही होते. 'मला वाचन आवडते' या वाक्यावर कोणी काय विचारणार? फार तर शेवटचे पुस्तक कोणते वाचलेस असे विचारतील, आणि नेमके तेच विचारले जाऊ नये म्हणून तू घाईने खाली बसलास.

याचा अपराध मानून घेण्याचे कारण नाही. तू खोटे बोललास ते फसवण्यासाठी नव्हे, तर इतरांसारखे दिसण्यासाठी, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी ते समजण्यासारखे आहे. मला खटकली ती दुसरी गोष्ट. पत्रात दुकानाचा आणि गडाचा उल्लेख तू 'हे काय छंद म्हणून सांगायचे?' असे विचारून उडवून लावला आहेस. जणू छंद म्हणजे ज्यासाठी क्लास लावावा लागतो, पैसे भरावे लागतात आणि ज्याचे नाव इंग्रजीत असते, अशीच गोष्ट.

आवड ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. कोणी सांगितलेले नसताना माणूस कशाची नोंद ठेवतो, ते मी पाहतो. मोटर दुरुस्त करणे हे वडिलांनी सांगितलेले काम असेल, त्यात आवडीचा प्रश्न नसेलही. परंतु वही लिहायला तुला बहुधा कोणी सांगितलेले नसावे. रिवाइंडिंगच्या दुकानांत जुनी कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, उपसताना टर्न मोजतात, तारेची जाडी बघतात, स्लॉट म्हणजे कॉइल बसवायच्या खाचा किती ते पाहतात, आणि काम झाले की तो हिशेब बऱ्याचदा कारागिराच्या डोक्यातच राहतो किंवा भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला असतो. मोटर कशामुळे जळाली याचा रकाना तर अगदी थोड्या वह्यांत सापडतो. तो तू ठेवतोस.

त्या रकान्याविषयी थोडे बोलतो, कारण तुझी खरी ओळख मला तिथे दिसते. जळालेली मोटर उघडली की पाहणाऱ्या सामान्य माणसाला काळ्या पडलेल्या तारा आणि वार्निशचा करपट वास याखेरीज काही कळत नाही. रिवाइंडिंग करणारा मात्र त्या काळेपणाचा आकार वाचतो. सगळ्या कॉइल सारख्याच काळवंडल्या असतील तर मोटरवर भार जास्त पडला किंवा व्होल्टेज बराच काळ कमी होते. थ्री-फेज, म्हणजे विजेच्या तीन लाइनवर चालणाऱ्या, मोटरीच्या कॉइल स्टार किंवा डेल्टा अशा दोन प्रकारे जोडतात. स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल जळाल्या आणि तिसरीच्या स्वच्छ राहिल्या असतील, तर लाइनची एक फेज गेलेली असताना मोटर चालू राहिली; डेल्टा जोडणी असेल तर उलट एकाच फेजच्या कॉइल जळतात. आणि सबमर्सिबल पंपाची मोटर उन्हाळ्यात वारंवार येऊ लागली की समजावे, बोअरचे पाणी खाली गेले आणि मोटर कोरडी फिरली, कारण तिला थंड ठेवणारे पाणी तेच असते. भातसा, तानसा, मोडकसागर यांचे पाणी तुझ्या तालुक्यातून मुंबईच्या नळांना जाते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, हे आम्हा ठाणेकरांना वर्तमानपत्रातून कळते. तुझ्या वहीत ते एप्रिल आणि मे महिन्यांच्या पानांवर आपोआप उतरलेले असणार. कारण शोधणे, ते लिहून ठेवणे आणि पुढच्या वेळी त्याचा उपयोग करणे, अभियांत्रिकीत चार वर्षे दुसरे काय शिकवतात?

तरीही तुझी शंका मला ऐकू येते आहे, की मी तर संगणक शाखेचा आणि मोटरीचा तिथे काय संबंध? पहिल्या वर्षी शाखा नावापुरती असते. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, वर्कशॉप आणि मूलभूत विद्युत अभियांत्रिकी यांतून सर्वच शाखांच्या मुलांना जावे लागते. विद्युतच्या तासाला प्राध्यापक फळ्यावर १२० गुणिले ५० (विजेची वारंवारता) भागिले ४ (मोटरीचे चुंबकीय पोल) असे मांडून चार पोलच्या मोटरीचा सिंक्रोनस वेग, म्हणजे तिच्यातील चुंबकीय क्षेत्राच्या फिरण्याचा वेग, मिनिटाला १५०० फेरे काढतील. त्या वेळी तुला आठवेल की दुकानात आलेल्या बहुतेक चार पोलच्या मोटरींवर लावलेल्या माहितीच्या पट्टीवर १४४० लिहिलेले असते. उरलेले साठ फेरे कुठे गेले, हा प्रश्न वर्गात फक्त तुलाच पडेल, कारण इतरांनी ती पट्टी पाहिलेली नाही. रोटर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, या चुंबकीय क्षेत्राच्या किंचित मागे राहिला नाही तर त्यात प्रवाहच निर्माण होणार नाही आणि मोटर फिरणारच नाही, हे त्याचे उत्तर. त्या मागे राहण्याला स्लिप म्हणतात आणि पूर्ण भारावर ती इथे चार टक्के येते. हा प्रश्न हात वर करून विचार. त्या दिवशी तुझी जी ओळख होईल, ती पहिल्या दिवशीच्या दहा वाक्यांनी झाली नसती.

संगणकाशी असलेला संबंध त्याहूनही सरळ आहे. पंप कोरडा फिरू लागला की मोटरचा प्रवाह नेहमीपेक्षा खाली उतरतो, आणि तो उतार ओळखून पुरवठा तोडणारी यंत्रणा बनवणे हे एका लहान मायक्रोकंट्रोलरचे आणि वीस-तीस ओळींच्या प्रोग्रॅमचे काम आहे. ही यंत्रणा बाजारात तयार मिळते. तरी ती स्वतः बनवून पाहण्यात दुसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टइतका ऐवज नक्की आहे. मात्र ४१५ व्होल्टच्या लाइनवर एकट्याने प्रयोग करू नकोस. हे तुला तुझे वडील माझ्यापेक्षा चांगले सांगतील. आणि तुझी वही तर शब्दशः डेटा आहे. अश्वशक्ती, स्लॉट, टर्न, गेज, जोडणी, जळण्याचे कारण, महिना असे रकाने करून ती संगणकावर उतरवलीस, तर कोणत्या महिन्यात कशामुळे मोटरी जास्त जातात हे तुला चार ओळींच्या प्रोग्रॅमने काढता येईल. प्रोग्रॅमिंग पहिल्या वर्षात अगदी अ-आ-इ-ईपासून शिकवतात. तेव्हा ज्यांनी 'कोडिंग येते' असे सांगितले त्यांच्याकडे पाहून घाबरू नकोस आणि त्यांच्यासारखे सांगूही नकोस. त्यांतल्या कितीजणांना खरेच येते, ते पहिल्या प्रॅक्टिकललाच उघड होईल.

आता हे सांगायचे कसे? दुकानाची गोष्ट दोन प्रकारे बिघडवता येते. एक म्हणजे ती लपवून, जे तू केलेस. दुसरा प्रकार हल्ली फार बोकाळला आहे, तो म्हणजे तिची संघर्षकथा करून: ग्रामीण भाग, हलाखीची परिस्थिती, काळवंडलेले हात, वडिलांचे कष्ट. ऐकणारे हळहळतील, कदाचित टाळ्याही वाजवतील, परंतु तुझ्याशी मोटरीविषयी कोणी बोलणार नाही. शिवाय चालू दुकान असलेल्या कारागिराला आपल्या मुलाने वर्गासमोर हलाखीत बसवलेले आवडेल असे मला वाटत नाही. साधे बोलावे. उदाहरणार्थ: 'मी शहापूर तालुक्यातून आलो. आमचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे आणि थ्री-फेज पंपाची मोटर मी स्वतः बांधू शकतो. जळालेली मोटर पाहून ती कशामुळे जळाली हे ओळखायला मला आवडते आणि त्याची वही मी ठेवतो. प्रोग्रॅमिंग मला अजून येत नाही. त्या वहीवर पहिला प्रोग्रॅम करायचा विचार आहे.' बोलायला अर्धा मिनिटही लागणार नाही. यात स्वतःची बढाई मारणारे एकही विशेषण नाही, एकही दावा असा नाही की जो उद्या कोणी तपासला तर तुझी पंचाईत होईल, आणि ऐकणाऱ्याला विचारायला निदान तीन प्रश्न मिळतात.

पहिला आठवडा तर संपला, आता याचा काय उपयोग, असे म्हणू नकोस. प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडतील तेव्हा, मेंटॉरच्या पहिल्या बैठकीत, वर्कशॉपमध्ये शेजारच्या वाइसवर काम करणाऱ्या मुलाशी बोलताना ओळख पुन्हा पुन्हा करून द्यावीच लागते. आधी सांगितलेल्या वाचन-संगीताचा खुलासा करत बसू नकोस. ते कोणाच्याही लक्षात नाही.

इंग्रजीचे तुला वाटते तेवढे संकट नाही. अर्थात महाविद्यालयाचे शिक्षण, परीक्षा आणि पुढची नोकरी यांचा व्यवहार मुख्यतः इंग्रजीतच होणार, म्हणून ती शिकण्याला पर्याय नाही. तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मुभा दिली असली, तरी तुझ्या महाविद्यालयात ती सोय आहे असे तुझ्या पत्रावरून दिसत नाही. पण वर्गात अडखळायला होते ते बरेचदा भाषेमुळे नव्हे, तर सांगायला काही नसल्यामुळे. 'आय कॅन रिवाइंड अ थ्री-फेज मोटर' हे वाक्य पाचवीतल्या मुलालाही रचता येईल, आणि स्टेटर, स्लॉट, कॉइल, गेज, वार्निश, मेगर हे शब्द तर तुम्ही दुकानात रोज वापरताच. वर दिलेल्या चार-पाच वाक्यांचे स्वतःच इंग्रजी कर, लहान वाक्ये ठेव, खोलीतल्या एका मुलासमोर दोन-तीनदा मोठ्याने म्हण. अडलेच तर एक वाक्य मराठीत बोल आणि पुढे जा. नवी मुंबईतील वर्गात ते समजणारे पुष्कळ असतात. पाठ केलेल्या उताऱ्यासारखे मात्र म्हणू नकोस. त्यात एक शब्द निसटला की सगळेच निसटते.

माहुलीविषयी तू एकच वाक्य लिहिले आहेस. गडाची वाट माहीत असणे हा तुमच्याकडे छंद नसेल, परंतु ठाणे, ऐरोली, नेरूळ इथल्या मुलांना माहुली, भंडारगड आणि पळसगड हे तिन्ही एका दिवसात दाखवणारा सोबती मिळाला, तर ती त्याला शोधत येतील. १६३६ साली शहाजीराजांचा निजामशाहीसाठीचा अखेरचा लढा ज्या गडावर संपला, तो तुझ्या घरामागे आहे. संघाच्या मुलाखतीसाठी मोटर आणि मित्र जोडण्यासाठी माहुली, एवढी वाटणी पुरेशी आहे. आणि वाचनाची गोडी पुढे खरोखरच लागली, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. घणसोलीहून लोकलने ठाणे जवळच आहे. पण ओळखीत सांगायला हवे म्हणून वाचू नकोस.

राहिला संघाचा अर्ज. तू संघाचे नाव दिलेले नाहीस, परंतु वर्णनावरून तो बाहासारख्या (विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या, खडबडीत वाटेवर चालणाऱ्या गाड्यांच्या) स्पर्धेसाठी गाडी बांधणारा दिसतो. ही स्पर्धा भारतात २००७ पासून होते आणि आता तिच्यात विद्युत गाड्यांचाही गट असतो. अशा संघांत पहिल्या वर्षाच्या मुलांना लगेच डिझाइन मिळत नाही. ग्राइंडिंग करणे, सामान आणणे, नट-बोल्ट मोजणे, रात्री उशिरापर्यंत वर्कशॉपमध्ये थांबणे ही कामे मिळतात. निवड करणाऱ्यांना सर्वांत मोठी धास्ती असते ती ही, की दहा जणांना घ्यावे आणि पहिल्या सबमिशनच्या आठवड्यात त्यातले सात गायब व्हावेत. म्हणून त्या मोठ्या रकान्यात 'हार्डवर्किंग', 'पॅशनेट', 'टीम प्लेअर' असे शब्द भरू नकोस, कारण तेच शब्द त्यांच्या हातातील प्रत्येक अर्जात आहेत. आठवीपासून शाळा सांभाळून दुकानात काम केले, कोणते काम स्वतंत्रपणे येते, कोणते वडिलांच्या देखरेखीखाली येते आणि कोणते अजून येत नाही, एवढे लिही. आठवड्यातून कोणत्या दिवशी किती वेळ देऊ शकतोस तेही लिही, आणि तो आकडा खरा असू दे. घणसोलीला राहतोस म्हणजे शेवटच्या लोकलची चिंता फारशी नाही. ज्यांना अंबरनाथ-बदलापूर गाठायचे असते त्यांना हे सांगता येत नाही, तेव्हा ही बाब अर्जात जरूर यावी.

मुलाखतीत एक अडचण येऊ शकते, तिची तयारी ठेव. विद्युत गाडीतली मोटर तुमच्या दुकानात येणाऱ्या इंडक्शन मोटरीसारखी नसते; तिच्या रोटरवर बहुधा कायमचे चुंबक असतात आणि तिला चालवायला स्वतंत्र कंट्रोलर लागतो. कोणी त्याविषयी खोचून विचारले, तर ती मोटर अजून उघडून पाहिलेली नाही असे सांग. मग तूच उलट विचार, की गेल्या वर्षीच्या गाडीची मोटर कधी तापली होती का आणि तापली तर कुठे. रबाळे आणि महापे एमआयडीसीत मोटर आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळा आहेत. मुलाखतीपूर्वी येत्या शनिवारी तिथे चक्कर मारून, कारागिराच्या मुलाला कारागीर जसे बोलू देतात तसे थोडे बोलून ये. तुमच्याकडे न येणाऱ्या मोठ्या मोटरी तिथे पाहायला मिळतील.

आणि घरी फोन करशील तेव्हा वडिलांना त्या वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवायला सांग. एक पान असे निवड की ज्यावरून मोटर कशामुळे जळाली हे तू बरोबर ओळखलेस, आणि दुसरे असे की ज्यात तुझा अंदाज चुकला आणि ती मोटर पंधरा दिवसांत परत आली. मुलाखतीला दोन्ही दाखव, दुसरे आधी.